बेळगुंदीचं रक्त

बेळगुंदीच्या म्हाताऱ्यांचं रक्त खोटं बोलतंय, असं पहिल्यांदा नागेंद्र सर म्हणाले, आणि तेही हसत हसत. धारवाडकडचा माणूस, रागावला तरी आधी हसतो आणि मग खुर्ची पुढं ओढतो. त्यांनी खुर्ची पुढं ओढली तेव्हाच रचनानं ओळखलं, प्रकरण हसण्यावारी नाही.

संगणकावर तीन रांगा होत्या. येळ्ळूर, निपाणी, बेळगुंदी. साठी उलटली की माणसाचं मांस का झिजतं, मांड्या का उतरतात, काल भाताचं पोतं पाठीवर घेणारा आज तांब्या उचलताना का थरथरतो, याचा माग रक्तात लागतो का हे बघायचं काम बेळगावातल्या त्या संस्थेत चाललं होतं. रचनाचा पीएचडीचा सगळा डोलारा त्याच कामावर उभा होता.

माग लावायचा तो मायक्रो-आरएनएचा. नाव जड आहे, कारभार तसा सोपा. पेशीत प्रथिनं बनवायचे हुकूम सुटतात, आणि हे इवलेसे तुकडे त्या हुकमांना वाटेतच गाठून गप्प करतात. कुठला हुकूम चालू द्यायचा, कुठला दाबायचा, हे बरंचसं त्यांच्या हातात असतं. वय झालं की त्यांचा तोल बिघडतो. मांस बांधायचे हुकूम दबतात, झिजवायचे मोकाट सुटतात. त्यांतले काही तर खास स्नायूंचेच. एरवी ते स्नायूच्या घरात दार लावून बसलेले असतात. स्नायू झिजला, दुखावला किंवा दमेस्तोवर राबला, की ते बाहेर पडून रक्तात उतरतात. म्हणून रक्त काढायचं आणि त्यात ते किती सापडतात ते मोजायचं. मांडी उतरायच्या आधीच सुगावा लागला, तर माणूस अंथरुणाला खिळायच्या आधी सावरता येईल अशी आशा. आशाच, छातीठोकपणे अजून कुणी काही सांगितलेलं नाही.

येळ्ळूरच्या आणि निपाणीच्या रांगा शहाण्या पोरांसारख्या एका पातळीत बसल्या होत्या. बेळगुंदीची रांग वर. एखाददुसरा माणूस नव्हे, एकजात सगळे वर.

"रक्तातल्या पेशी नळीत फुटलेल्या नाहीत," सर म्हणाले. "मी तेच आधी बघितलं. नमुने एकदम स्वच्छ. मग दोनच गोष्टी राहतात, हो की नाही? एक, आख्ख्या गावाला स्नायूंचा आजार आहे."

"ते कसं शक्य आहे, सर?"

"नाही शक्य. दुसरी म्हणजे, रक्त द्यायच्या आधी या लोकांनी दणकून व्यायाम केलाय. सत्तरीची माणसं! जोर-बैठका काढून आली काय?"

यावर दोघंही हसले. हसणं ओसरलं आणि सरांनी साधाच प्रश्न विचारला.

"बेळगुंदीचं रक्त कोण काढतं?"

"परसूमामा," रचना म्हणाली. सरांना ते माहीत होतं. तरी त्यांनी विचारलं, आणि तिनं सांगितलं, आणि तेवढ्यानं ते माहीत असणं बदललं.

"शुक्रवारपर्यंत बघ काय झालंय ते. नाहीतर बेळगुंदी बाद करावी लागेल. ते गाव गेलं की तुझं तीन वर्षांचं काम लंगडं होतं."

काम लंगडं होईल ही भीती होतीच. पण खोलीतून बाहेर पडताना तिला त्याहून भलतीच भीती वाटायला लागली होती. जोर-बैठका काढून रक्त देणारी माणसं बेळगुंदीत होती. रोज सकाळी होती. ती सत्तरीची नव्हती, विशीची होती, आणि ज्या तालमीत ती घाम गाळायची ती तालीम परसूमामाच सांभाळत होता.

परसूमामा म्हणजे तिच्या आईचा धाकटा भाऊ. रचनाचे वडील गेले तेव्हा ती चौथीत होती. मामानं बहिणीला आणि भाचीला बेळगावच्या खासबागेत भाड्याची खोली बघून दिली, शाळेची फी भरली, आला की पाढे म्हणून घेतले, आणि तिच्या दहावीच्या निकालाचे पेढे आख्ख्या बेळगुंदीत स्वतः फिरून वाटले, जणू पेपर त्यानंच लिहिला होता. गावातल्या डॉक्टरकडं त्यानं उभी हयात कंपाउंडरकी केली. त्याचा हात इतका हलका, की सुई आत गेली कधी आणि आली कधी हे माणसाला कापूस लावल्यावर कळायचं. डॉक्टर वारले, दवाखाना बंद पडला. रचनाला बेळगुंदीसाठी माणूस हवा होता. तिनं मामाचं नाव सुचवलं. येळ्ळूरला आणि निपाणीला संस्थेची नर्स जायची. बेळगुंदीचे म्हातारे मात्र अडून बसले, "परसू सुई घालत असंल तर देतो, न्हायतर ऱ्हाऊ दे." संमतीचे कागद कानडीत आले तेव्हाही असाच अडेलतट्टूपणा झाला होता, तेव्हा मामानंच मराठी कागद मागवून घेतले होते.

म्हणजे माणसं बोलावणार मामा, सुई घालणार मामा, नळीवर नाव चिकटवणार मामा आणि बर्फाच्या पेटीत घालून स्कूटरवरनं बेळगावला आणणारही मामाच. मध्ये दुसरा माणूस नाही. कालपर्यंत ती हे कौतुकानं सांगत होती. आज तेच कौतुक अंगावर उलटलं.

असं झालं असेल काय? म्हातारी माणसं आयत्या वेळी भ्याली असतील. भाचीला शब्द दिलाय, मोकळ्या हातानं कसं जायचं, म्हणून मामानं शेजारच्या तालमीतल्या पोरांच्या दंडाला रबर बांधलं असेल. एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर. पोरं नुकती दंड मारून आलेली, त्यांचं रक्त वर दाखवणारच. सगळं जुळत होतं, हाच तर ताप होता. संशयाला एकदा पाट मांडून दिला की तो जेवल्याबिगर उठत नाही.

घरी आई ओट्याशी वांगी चिरत होती. राजाबाई बोलायला लागली की तिला दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायची सवय नव्हती, हे रचनाच्या पथ्यावर पडलं.

"आई, मामा कधी खोटं बोलतो काय गं?"

"परसू?" राजाबाई खो-खो हसली. "लई खोटारडा! तुला जोतिबाचं लग्न ठाव न्हाय व्हय?"

रचनाला ते पाठ होतं. घरातल्या प्रत्येक बारशाला, लग्नाला ते सांगितलं जायचं. तरी तिनं ऐकून घेतलं. सीमाभागातल्या आंदोलनाचे दिवस. पोलीस गावात शिरले, पोरांना व्हॅनमध्ये कोंबायला लागले. यादीत मामाचा दोस्त जोतिबा, त्याचं नाव होतं आणि दुसऱ्या दिवशी जोतिबाच्या डोक्याला मुंडावळ्या बांधायच्या होत्या.

"फौजदारानं नाव घेतलं, जोतिबा! आन् ह्यो उठला, 'हाय साहेब' म्हणून. जोतिबाच्या नावानं हिंडलग्याच्या जेलात जाऊन बसला बघ. तिकडं जोतिबा बोहल्यावर, हिकडं आमचा जोतिबा कोठडीत! सुटून आला तवा आमच्या आबांनी आधी मारला, मग मिठी मारली." राजाबाईनं डोळे पुसले, हसून आले होते की काय, तिचं तिला ठाऊक. "पर खोटं बोलला ते दुसऱ्यापायी."

नाव एकाचं आणि उभा दुसराच, हे मामाला नवं नव्हतं. आणि 'दुसऱ्यापायी' म्हणजे यावेळी कुणापायी, हेही तिला विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी न कळवता ती बेळगुंदीला गेली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना रताळ्याचे वेल पसरले होते. मालुबाई आपल्या दारात बसून लावणीसाठी वेलाचे तुकडे करत होती. वय पंचाहत्तरच्या घरात. एक गुडघा वाकडा. मागच्या दोन्ही खेपांना तिच्या नावाची नळी आली होती, आणि दोन्हीही रांगेत सगळ्यात वर होत्या.

"आज्जी, रगात देताना दुखलं न्हाय न्हवं?"

"न्हाय गं बाई. परसूचा हात म्हंजे लोणी."

"कुठं दिलंसा? शाळेतच?"

"शाळेतच की."

"घरनं उठून सरळ शाळेत आलासा?"

मालुबाईचा विळा थांबला. तिनं रचनाकडं बघितलं, मग वेलाकडं, आणि वेलात फार महत्त्वाचं काही सापडल्यासारखी ती त्यातच बघत राहिली. "ते परसूला इचार बाई. मला म्हातारीला काय कळतंय. चा घेतीस काय?"

समोरच्या कट्ट्यावर मष्णूआजोबा बसले होते. कानानं अर्धे आणि तोंडानं दीड. त्यांना वाटलं आपण हळू बोलतोय. "मालू, काय बोलू नगं हां! परसूनं सांगितलंय न्हवं, रचनाला त्यातलं कायबी कळू द्यायचं न्हाय म्हणून!"

मालुबाईनं त्यांच्याकडं असं बघितलं, की विळा हातात होता म्हणून आजोबा वाचले असंच म्हणायचं. रचनानं मात्र ऐकायचं ते ऐकलं होतं. म्हणजे काहीतरी होतं. सगळ्या गावानं मिळून तिच्यापासून लपवलेलं काहीतरी होतं, आणि त्याचा म्होरक्या तिचा मामा होता.

मामा तालमीत सापडला. तांबड्या मातीत पोरं दंड मारत होती आणि मामा एकाचा खांदा चोळत होता. भाचीला दारात बघून तो दचकला. एरवी आनंदला असता. आज आधी दचकला आणि मग आनंदला. रचनानं दोन्ही वेगवेगळं बघितलं. ती पोरांच्या कोपरांकडंही बघत होती, आतल्या बाजूला, जिथं शीर सापडते तिथं. एकाच्या कोपराशी लाल ठिपका दिसला. डास चावला असेल. पण संशयी डोळ्याला डाससुद्धा सुईच दिसतो.

"अगं, फोन करायचा की येताना! काय झालं?"

"काय न्हाय. मामा, रगात द्यायच्या शिबिराला म्हातारी माणसं सगळी येतात काय रे?"

"येतात की."

"कुणी भीत न्हाय? आजारी पडत न्हाय?"

"पडलं तरी मी आणतो की."

"आणतो म्हणजे कसं?"

"आणतो म्हंजे आणतो," मामा म्हणाला आणि पोराच्या खांद्याकडं वळला. त्याचे कान लाल झाले होते. मामाला भाचीसमोर खोटं बोलता येत नव्हतं, फक्त गप्प बसता येत होतं, आणि तो गप्प बसला होता. जरा वेळानं तो उठला. "चल घरी. मामीनं तांदळाची भाकरी टाकलीय. खाऊन जा."

"नको. उशीर होतोय."

मामाच्या गावाला येऊन मामाच्या घरी न जेवता ती आयुष्यात कधी परतली नव्हती. मामा तालमीच्या दारात तिची स्कूटर दिसेनाशी होईपर्यंत उभा होता. आरशात तिला तो दिसत होता, आणि तिला रडू येत होतं, आणि रडू येत असतानाच ती मनात वाक्यं जुळवत होती.

गणेशपूरच्या पुढं तिनं स्कूटर बाजूला घेतली आणि सरांना मेसेज लिहिला. बेळगुंदीचे नमुने त्या-त्या माणसांचे नसावेत, तालमीतल्या पोरांचे असावेत असं वाटतं. माझा संशय परशराम मामांवर आहे. त्यांचं काम तूर्त थांबवावं. पुढच्या खेपेला मी स्वतः जाऊन रक्त घेते. पाठवून झाल्यावर आपण खरेपणानं वागलो असं तिला वाटलं. घर येईपर्यंत ते वाटणं टिकलं नाही. ज्या माणसाच्या जिवावर ती लिहायला शिकली, त्याच्यावर लिहून दिलं होतं तिनं.

सरांनी त्याच संध्याकाळी मामाला फोन करून काम थांबवल्याचं कळवलं. मामानं 'बरं' एवढंच म्हटलं, कारण विचारलं नाही, असं सर म्हणाले. रचनाला ते आणखीच खटकलं. ज्याचं काही चुकलं नाही तो माणूस कारण विचारल्याशिवाय राहील काय?

पुढच्या मंगळवारी ती आणि संस्थेची नर्स सौम्या सकाळीच बेळगुंदीच्या शाळेत जाऊन बसल्या. निरोप मामाकडून न देता शाळेच्या गुरुजींकडून दिला होता. उपाशीपोटी या, आदल्या दिवसापासून कष्टाचं काम करू नका. टेबल मांडलं, नळ्या लावल्या, लाल टोपणं ओळीत उभी राहिली. गुरुजी दोनदा डोकावून गेले. बाकांवर कुणी नव्हतं.

"अक्का, यारू बरलिल्ल," सौम्या म्हणाली. कुणीच आलं नाही.

"नाहीच येणार," रचना म्हणाली. तिला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. बरं वाटल्याची लाज वाटली. मामा नाही तर म्हातारेही नाहीत. मुळात कधी नव्हतेच. आता आणखी काय पुरावा पाहिजे? ती नळ्या परत पेटीत भरायला लागली.

सौम्या पाय मोकळे करायला बाहेर गेली होती. तिनं दारातूनच हाक मारली, "अक्का, इकडे ये. ते बघ."

शाळेच्या मागं डोंगर होता. डोंगरमाथ्यावर रवळनाथाचं ठाणं. त्या वाटेनं माणसं उतरत होती. पांढरे फेटे, हिरवी लुगडी, हातातल्या काठ्या. कुणी कुणाच्या खांद्याला धरून, कुणी दगडावर टेकून श्वास घेत, सगळी अनवाणी. सगळ्यात मागं परसूमामा होता. त्याच्या पाठीवर, त्याच्या गळ्याला मिठी मारून, मालुबाई बसली होती.

ती सगळी शाळेच्या आवारात शिरली तेव्हा त्यांचे सदरे पाठीला चिकटले होते. मष्णूआजोबांची पोटरी उडत होती, आणि ते तिला चापटी मारून गप्प करत होते. मामानं मालुबाईला बाकावर उतरवलं. रचनाकडं न बघता तो नळावर पाणी प्यायला गेला.

"आज्जी, कुठं गेलतासा?" रचनानं विचारलं.

मालुबाईनं मष्णूआजोबांकडं बघितलं. आजोबांनी मान हलवली. आता काय झाकायचं राहिलं होतं?

"देवाकडं गेलतो," मालुबाई म्हणाली. "दर बारीला जातो. अंगातलं रगात काढून परक्याच्या बाटलीत घालायचं, आन् देवाला न इचारता? रवळनाथाला गाऱ्हाणं घातल्याबिगर आमी नांगर जुपत न्हाय. आन् उपाशीपोटी या म्हनलीस तू. उपाशी हायच, तर देवाला जाऊनच यावं की. खाऊन जायाचं नसतंय तिथं."

"सगळी? दर वेळी? चढून?"

"मी कुठली चढतीया? पोटच्या पोरानं कधी पाठीवर घेतलं न्हाय, परसू घेतो. देवाच्या पायऱ्या मात्र माझ्या मीच चढती, तिथं कुणाची पाठ चालत न्हाय. मग आठ दिवस हे गुडघं मला शिव्या देत्यात."

"मग मला का न्हाय सांगितलं?"

"सांगितलं की!" मालुबाई जरा चिडलीच. "पयल्या दिशी, हितंच. देवाला इचारून येतो म्हनलो. तू काय म्हनलीस? 'आज्जी, रक्ताचं देवाला काय कळतंय, मला विचारा.' आन् हसलीस. तुझा तो धारवाडकडचा डाक्टर बी हसला. तवा परसू म्हनला, पोरीला सांगू नगासा, चिडंल. आपला देव बी ऱ्हाऊ दे, तिचं काम बी हुंदे."

ती हसली होती. आत्ता आठवलं. दिवसभरात माणूस कितीदा हसतो, कुठं कुठं ध्यानात ठेवायचं? आणि मग सरांच्या खोलीतही हसली होती, म्हाताऱ्यांनी जोर-बैठका काढल्या काय म्हणून. काढल्या नव्हत्या. डोंगर चढून उतरले होते, आणि तसेच, घामेजलेले, धापा टाकणारे, सरळ येऊन बाकावर बसले होते. राबलेल्या स्नायूंनी आपलं गुपित रक्तात सोडून दिलं होतं. रक्त अक्षर न् अक्षर खरं बोलत होतं. बेळगुंदीत लबाडी कुणी केलीच असेल, तर ती हातात मोबाईल घेऊन गणेशपूरच्या पुढं रस्त्याकडेला उभी राहिली होती.

नळापाशी मामा ओल्या हातानं मान पुसत होता.

"मामा, मी—"

"ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

"सरांनी सांगितलं. चांगला माणूस हाय, आडपडदा न्हाय ठेवला. म्हनले, तुमच्या भाचीनंच लिवलंय."

म्हणजे त्या संध्याकाळपासूनच त्याला माहीत होतं. रचनानं नळाच्या कट्ट्याला हात टेकला. "मग आज कशाला आलास तू?"

"मला कामावरनं काढलंय. डोंगरावरनं न्हाय." मामानं बाकाकडं बोट केलं. "मालूआक्का काय उडत जाणार हुती?"

"आईला सांगितलंस?"

"राजाक्काला? येडी काय तू. तिला झोपच यायची न्हाय."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तिनं ओरडा खायची तयारी केली होती, आणि हा तिच्या आईच्या झोपेची काळजी करत होता.

"मला वाटलं, तालमीतल्या पोरांचं रगात..."

"व्हय. सरांनी तेबी सांगितलं." मामानं नळ घट्ट बंद केला. "रचना, त्या दिशी तू आलतीस. माझ्या म्होरं उभी हुतीस. इचारायचं की गं. मामा, दुसऱ्याचं भरलंस काय, म्हणून. मी काय चावलो असतो?"

"तू पण लपवलंस की."

"लपवलं," मामा म्हणाला. "मी देव लपवला. तू काय लपवलंस ते बघ."



रचनानं तिथूनच सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं, स्वतःच्या हसण्यासकट. सर यावेळी हसले नाहीत. मग म्हणाले, आधीचे सगळे नमुने या कामातून बाद, आणि परशरामांना मी स्वतः फोन करतो. त्यांनी केलाही. मामानं ऐकून घेतलं, पुन्हा 'बरं' म्हटलं आणि वर एवढंच सांगितलं, "माणसं मी आणतो साहेब. पर सुईला आन् पेटीला आता माझा हात लागायचा न्हाय."

म्हाताऱ्यांशी तह करायला सौम्याला बसवलं. रचनाकडं कुणी बघत नव्हतं. देवाला शनिवारी जायचं, मग दोन दिवस घरात बसायचं आणि मंगळवारी रक्त द्यायचं, असं सौम्यानं सुचवलं. मालुबाईला शंका आली, शनिवारी घेतलेला देवाचा होकार मंगळवारपर्यंत टिकतो काय?

"टिकंल की," मष्णूआजोबा म्हणाले. "देव हाय त्यो, सरकारी हापीस न्हवं."

ठरल्या मंगळवारी सगळी कोरड्या अंगानं आली. कुणाच्या नातवानं मोटरसायकलवरून सोडलं, मालुबाई रिक्षातून उतरली. सौम्या सुई घालत होती, रचना नावं लिहीत होती. मामा एकेकाला बाकापर्यंत आणत होता, पाठीवर हात ठेवत होता, पण टेबलाच्या अलीकडं हातभर थांबत होता. ती मान वर करायची तेव्हा तो दुसरीकडं बघत असायचा.

सगळ्यांचं झालं. मग मामा स्वतःच येऊन टेबलासमोरच्या खुर्चीत बसला.

"मला बी साठ पुरी झाली ह्या महिन्यात. तुमच्या कामात बसतो न्हवं मी?"

"बसतोस की!" रचनाला इतका आनंद झाला, की तिला तो लपवताही आला नाही. हात देतोय म्हणजे माफ केलंय, असं तिनं धरलं. सौम्या पुढं झाली तशी मामानं मान हलवली.

"तू न्हवं बाई. हिलाच घेऊ दे. हितंच, सगळ्यांच्या म्होरं."

रचनानं रबर बांधलं. शीर सापडली, सुई नीट बसली, नळी भरली. तिनं कापूस दाबून धरला आणि नळी मांडणीत ठेवायला हात लांब केला.

"थांब. आधी नाव लिव. माझ्या डोळ्यांम्होरं."

तिनं चिठ्ठीवर नाव लिहिलं, नळीला चिकटवलं.

"वाच."

"परशराम नारायण पाटील," ती हळूच म्हणाली.

"मोठ्यानं वाच," मामा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. पाढे म्हणून घेताना असायचा तसाच आवाज होता. "ह्या सगळ्यास्नी ऐकू जाऊ दे, रगात कुणाचं हाय ते."

बाकावरची माणसं पुढं वाकली. मष्णूआजोबांनीसुद्धा कानामागं हात नेला. नळी तिच्या मुठीत अजून मामाच्या अंगाइतकी ऊन होती. रचनानं तोंड उघडलं, पण काही केल्या आवाज फुटेना.